डाव्या कानातली बाई

पुरुषोत्तमनं मोटारसायकलवर लावायला जीपीएस घ्यायचं ठरवलं, तेव्हा वसुधाला आधी हायसं वाटलं आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

चार वर्षं ती त्याच्या मागे बसत होती. नोव्हाय गावच्या मोटार कंपनीतून तो निवृत्त झाला त्याच महिन्यात त्यानं ही मोटारसायकल आणली. “नागपूरला लग्न झाल्यावर अंबाझरीला जायचो, आठवतं?” असं म्हणाला होता. न आठवायला काय झालं? सहासष्ट साल, भावाची उसनी आणलेली जावा मोटारसायकल, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली ती, एका हातात पदर आणि दुसरा हात त्याच्या खांद्यावर. पण तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आता एकसष्टाव्या वर्षी खांदा तोच होता, गुडघे ते राहिले नव्हते. तासभर बसलं की कंबर धरायची आणि उतरल्यावर पहिली चार पावलं लंगडत जायची.

मागे बसून नकाशा बघायचं काम तिचं. डावीकडे वळायचं तर त्याच्या डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडे तर उजव्या. चुकला तर पाठीत बुक्की. या उन्हाळ्यात ती स्पष्टच सांगणार होती, की आता तुम्ही एकटे हिंडा, मी घरी पडून राहते.

पण जुलैत तो वाचनालयात पुस्तकं परत करायला गेला तो चार तासांनी आला. वाचनालय घरापासून तीन मैलांवर. “रस्ता बंद होता, फार लांबून जावं लागलं,” म्हणाला आणि पाणी न पिता आंघोळीला गेला. त्याचं जाकीट टांगताना खिशात चिठ्ठी सापडली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात त्यांच्या रस्त्याचं नाव, घराचा नंबर आणि फोन. वसुधानं ती होती तशी परत ठेवली. कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. तेव्हापासून तो किल्ली घेऊन उठला, की तीही हेल्मेट घेऊन उठायची.

म्हणून हे यंत्र. ते चाललं तर ती सुटणार होती.

खरेदीला तो आपले हातमोजे घेऊन गेला. जन्मभर ब्रेकच्या चाचण्या घेतलेला माणूस. दुकानातल्या दाढीवाल्यानं तीन यंत्रं काउंटरवर मांडली. पुरुषोत्तमनं हातमोजे घालून प्रत्येकाची बटणं दाबली. एकाची इतकी बारीक होती, की एक दाबावं तर तीन दाबली जात. मग उरलेली दोन घेऊन तो भर दुपारी पार्किंगमध्ये उभा राहिला. एकाच्या काचेवर उन्हात नकाशाऐवजी त्याचंच नाक दिसलं.

“हे पावसात चालतं?” आत येऊन त्यानं तिसरं उचलून विचारलं.

“वॉटरप्रूफ आहे, सर.”

“मग नळाखाली धरू?”

दाढीवाल्यानं वसुधाकडे बघितलं. ती म्हणाली, “धरू द्या. नाहीतर घरी धरतील आणि परत आणून देतील.”

नळाखाली धरलं, चाललं, घेतलं. त्याला एक तार होती, ती हेल्मेटमधून कानात घालायची, म्हणजे यंत्रातली बाई रस्ता सांगते. पुरुषोत्तमला उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून बाई डाव्या कानात बसली.

“लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर सवत आणलीत,” वसुधा म्हणाली.

“ती बुक्क्या तरी मारत नाही.”

रेडमंडहून लेकीचा, नीनाचा फोन आला. “आई, दॅट्स ग्रेट! बाबांना सोलो जाऊ दे आता. यू नीड टु रेस्ट.” वसुधा नुसतं हो हो म्हणाली.

पहिली परीक्षा लॅन्सिंगकडच्या मोरेश्वरकडे जाण्याची ठरली. मोरेश्वर म्हणजे पुरुषोत्तमचा वसतिगृहापासूनचा मित्र. शनिवारी त्याच्याकडे जेवायला जायचं, यंत्राच्या सांगण्यावरून. वसुधानं मागे बसायचं, पण एक अक्षर बोलायचं नाही.

“वसू, पत्ता वाच,” सकाळी तो म्हणाला.

तिनं दिवाळीच्या कार्डांची जुनी वही काढली. या देशात माणसं इतकी घरं बदलत, की वहीत एकेका नावाखाली तीन-तीन पत्ते खोडलेले. मोरेश्वरखाली मात्र एकच पत्ता, एकही रेघ न मारलेला. तिनं तो वाचला. बटणं दाबता दाबता तो थांबला.

“हाच ना?”

“हाच की. माझ्याच हातचं आहे.”

महामार्ग टाळून ते जुन्या ग्रँड रिव्हर रस्त्यानं निघाले. ब्रायटन गेलं, हॉवेल गेलं. शेतातला मका वाळला होता. वसुधाच्या हातांना काही काम नव्हतं. ते मांडीवर नुसते पडून होते. बाई सांगत होती आणि तो बिनचूक वळत होता. कंबर दुखत होती तरी तिला वाटलं, ही शेवटची खेप. पुढच्या शनिवारी मी दुपारी झोपेन.

ओकेमस गावच्या सिग्नलला त्यानं वेग कमी केला. उजवा दिवा लावला. मग बंद केला आणि सरळ निघाला. वसुधाला वाटलं, दिवा उगीचच लावला. गोंधळला. हात खांद्यापर्यंत गेला, पण तिनं तो मागे घेतला.

वीस मिनिटांनी एका पिवळ्या घरासमोर मोटारसायकल थांबली. ओट्यावर एक अनोळखी म्हातारी भोपळे मांडत होती.

“पोचलो म्हणतेय,” पुरुषोत्तम हेल्मेट काढत म्हणाला.

वसुधानं घराकडे बघितलं. दार, खिडक्या, कोपऱ्यातलं मेपलचं झाड, सगळं ओळखीचं. याच घरात नीना रांगली होती. आणि मग तिच्या लक्षात आलं. मोरेश्वरनं हे घर विकून चौदा वर्षं झाली. नव्या घराचा पत्ता तिनं लिहून घेतलाच नव्हता, कारण तोवर कार्डं बंद होऊन फोन सुरू झाले होते, आणि तिथं सगळे खुणेनंच जात. ओकेमसच्या सिग्नलला उजवीकडे, चर्चनंतर दुसरी गल्ली, बदकाच्या आकाराची टपालपेटी.

“अहो, ते तर ओकेमसला राहतात.”

“हो.”

“तुम्हाला आठवत होतं?”

“पत्ता घालतानाच शंका आली. सिग्नलला तर वळणारच होतो.”

“मग वळला का नाहीत?”

तो हेल्मेट दोन्ही हातांत फिरवत राहिला. “तू पत्ता वाचलास. ही सरळ जा म्हणाली. तुम्ही दोघी एकीकडे आणि मी एकटा. वाटलं, माझंच चुकत असेल. हल्ली चुकतं ना माझं.” मग ते सीटवर ठेवत, “जुलैत रस्ता बंद नव्हता.”

“माहीत आहे.”

“चिठ्ठी बघितलीस?”

“बघितली.”

“मग बोलली नाहीस ते?”

“तुम्ही तरी कुठे बोललात!”

म्हातारीनं तिथूनच विचारलं, काही मदत हवी का. दोघांनी एकदमच नको म्हटलं.

“सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ,” वसुधा म्हणाली. “नीनालाही सांगायचं.”

“आणि ते किल्ली काढून घेतील.”

“घेतील नाहीतर नाही घेणार. पण मला आता एकटीला हे पेलत नाही हो.”

त्यानं होकाराची मान हलवली. खूप दमलेला दिसला. इथून परत जायचं म्हणजे अजून वीस मिनिटं. सुलेखानं, मोरेश्वरच्या बायकोनं, भात टाकलाही असेल.

“मोरेश्वरला फोन करून बोलावतेस? गाडी घेऊन येईल.”

“नको. बंद करा ते. तुम्हाला आठवतंय तसं चला.”

“चुकलो तर?”

“मी आहे ना मागे.”

हे ती बोलून गेली आणि त्यातच सगळं आलं. यंत्र चांगलं होतं. जे सांगितलं ते त्यानं बिनचूक केलं होतं. पण ज्याला स्वतःचाच भरवसा उरला नाही त्याला एकट्याला ते कुठेही नेऊन उभं करील, आणि तो उभा राहील. किल्ली त्याच्या हातात आहे तोवर शनिवारी दुपारी झोप नाही.

तो ओकेमसला आला, सिग्नलला वळला. चर्चनंतर पहिल्याच गल्लीत शिरला, तिनं काही केलं नाही. दहा घरं पुढे जाऊन तो आपणच थांबला, पुटपुटला, वळवून बाहेर आला आणि पुढच्या गल्लीत घुसला. दारात मोरेश्वर कमरेवर हात ठेवून उभा होता.

“एक तास उशीर! यंत्र घेतलंस म्हणे!”

“हिनं रस्ता दाखवला,” पुरुषोत्तम म्हणाला.

“खोटं,” वसुधा मागून म्हणाली. “मी तोंड उघडलं नाही. आता दोघांनी मिळून मला खाली उतरवा आधी, गुडघे धरलेत.”