चांगलं सेंटर

बाकाच्या खालच्या कडेला बोटाला काहीतरी मऊ लागलं... कुणीतरी चघळून चिकटवलेलं च्युइंगगम, अजून ओलसर. सुलक्षणाने हात झटकन मागे घेतला, पदराला पुसला, मग पदराचीच किळस आली.

समोर बीजगणिताचा पेपर. देवपूरच्या या शाळेत खोलीभर तिच्यासारखेच, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेले. पर्यवेक्षकांनी दार लोटलं, खडू घेतला आणि रोजचा धडा द्यावा तसे फळ्यावर उत्तरं लिहू लागले. माना वर, माना खाली. एकाच ताटातलं उष्टं सगळे मिळून खात असल्यासारखं वाटलं तिला.

‘चिंता करू नको, सेंटर चांगलं शे,’ प्रेमराज म्हणाला होता. नवऱ्याच्या त्या ‘चांगलं’चा मी काय अर्थ घेतला? पंखे असतील, प्यायला पाणी असेल... म्हणजे त्याला ठाऊक होतं. चोपड्याच्या माहेरी जाऊन मी शाळा सोडल्याचा दाखला आणला – नववीत लग्न ठरलं, दाखल्यावर कारण मात्र ‘घरगुती’ – तेव्हाही ठाऊक असेल. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईची जागा निघाली, दहावी पास हवी होती, म्हणून स्वयंपाक झाल्यावर मी लेकीपुढे पुस्तक घेऊन बसायचे, दिपमाला समजावायची, चिडायची, पुन्हा समजावायची. आणि प्रेमराज बाजूलाच जेवत असायचा. आमची आकडेमोड ऐकत भाकरी मोडायचा.

तिने फळ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. वर्गसमीकरण घेतलं. अवयव पाडले, चुकले, खोडले, पुन्हा पाडले. तीन आणि पाच. ताळा जुळला. छातीत काहीतरी उघडलं, पोरीसारखं हसू आलं...

"अक्का, कसाले मरी ऱ्हायनात? लिखी ल्या ना," मागच्या बाकावरचा झुलाल, ट्रक चालवणारा, कुजबुजला. "बठ्ठं समोरच शे."

तिने वर पाहिलं. फळ्यावर तेच होतं. तीन आणि पाच.

आता तिच्या कागदावरचं आणि झुलालच्या कागदावरचं उत्तर सारखंच दिसणार होतं. आपलं स्वतःचं, घाम गाळून आणलेलं उत्तर तिला एकदम घाणेरडं वाटलं. खोडून चुकीचं लिहावं का? निदान ते तरी माझं असेल.

"थांबू नका, अक्का," पर्यवेक्षक म्हणाले. आवाज मायाळू होता. त्या मायेनेच तिने मान आणखी खाली घातली.

पुढचा प्रश्न अंकगणिती श्रेढीचा. दिपमालाने तीनदा शिकवला होता... पहिलं पद, मग... मग काय? नापास झाले तर जागा जाईल, प्रेमराज म्हणेल, तेवढंही जमलं नाही? ती पेन धरून बसली. मान आपोआप वर गेली. हात लिहू लागला. अक्षर नेहमीसारखंच, वळणदार आलं – याचाच तिला सर्वांत जास्त राग आला.

घंटा झाली. रिक्षा पांझरेच्या पुलावर आली तेव्हा फोन वाजला.

"आई, वर्गसमीकरण होतं? आलं तुला?" दिपमाला.

"आलं."

"स्वतः सोडवलंस?"

"हो," ती म्हणाली. खरं होतं ते. तरीही जीभ जड झाली, चोरी लपवताना होते तशी. आणि पलीकडे लेक आनंदाने ओरडत असताना सुलक्षणा फोन कानापासून थोडा दूर धरून बसली.