पाठमोरा सार्नो

बोलून तर बसली वेनिंग, आणि मग कपाळाला हात लावला. इंडोनेशियातल्या सेमारांगच्या त्या गल्लीत ती लहानाची मोठी झालेली. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी गल्लीला दाखवायला छोटी फिल्म करत होती: जुन्या लग्नांच्या कॅसेटी आणि आजची गल्ली, एकात एक गुंफलेली. सगळी गल्ली ज्यांना 'इबू', म्हणजे आई, म्हणायची त्या पार्तींनी गाडीवर टेम्पेची, आंबवलेल्या सोयाबीनची, भजी तळता तळता विचारलं होतं, "त्यात आमचे हे दिसतील का गं? फोटो आहे, पण फोटो मेला भिंतीवर गप्प बसतो. एकदा हलताना-चालताना बघायचंय."

"दिसणारच की, इबू! प्रत्येक लग्नात चहा त्यांनीच तर वाटला!"

आता इबूंचा नवरा सार्नो कॅसेटींत होता, नव्हता असं नाही. पण कसा! मोठ्यांपुढून जायचं तर कमरेत वाकून, एक हात जमिनीकडे सोडून जायचं, ही इथली रीत. या भल्या माणसाने कॅमेऱ्यालाही वडीलधारा मानलेला. चहाचा ट्रे घेऊन समोरून जायचा तो तोंड खाली, पाठ वर. असले तुकडे 'कोणीतरी आडवं आलं' म्हणून वेनिंगने आधीच कापून फेकले होते. ते तिने पुन्हा गोळा केले. लग्नं बदलली, नवऱ्या बदलल्या, पाठ तीच.

"अहो, एकदा तरी मान वर करा ना!" ती पडद्यावर खेकसली. सार्नो कसला ऐकतोय?

शेवटी ती भज्यांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "इबू, चेहरा कुठेच नाही हो. नुसती पाठ आहे. काढून टाकू?"

इबू पार्तींनी झारा खाली ठेवला. वेनिंगला रडूच यायला लागलं.

"राहू दे," एवढंच म्हणाल्या.

मग वेनिंगने त्यांनाच ट्रे देऊन गल्लीतून चालवलं. कॅमेरा दिसताच बाईही वाकल्या! नवरा तसा बायको. दोन्ही तुकडे तिने एकापुढे एक जोडले.

त्या संध्याकाळी गल्लीत पडदा म्हणून बांधलेल्या चादरीवर आधी इबू वाकून गेल्या, त्यांच्यामागून सार्नो आला. गल्लीत हशा पिकला. "अरे, हा तर सार्नो! माझ्या लग्नात बिनसाखरेचा चहा पाजला होता लेकाने!" "तुझं तोंड बघूनच साखर घातली नसेल!"

इबू पार्ती उठल्या. बसलेल्या म्हाताऱ्यांपुढून वाकत वाकत चादरीपाशी गेल्या आणि तिथे ताठ उभ्या राहिल्या. खाली बसा म्हणून कोणी ओरडलं नाही. त्यांनी त्या पाठीवर तळवा ठेवला.

"यांच्या अंगात वारं भरलं, कणकण आली की उतारा म्हणून पाठीला तेल लावून नाण्याने खरवडायचे मी. लाल रेघा उठायच्या. ओरडायचे, पण दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत." त्या वेनिंगकडे वळल्या. डोळे भरून आले होते, पण तोंडभर हसू होतं. "चेहरा फोटोत रोज बघते, पोरी. पाठीचा फोटो कोण काढतं? मी विसरत चालले होते गं."

तोवर सार्नो निघून गेला होता. तळव्याखाली कोणाची तरी नवरी हसत होती.

"परत लाव," इबू म्हणाल्या, आणि हात तिथेच ठेवून थांबल्या.