हात बांधलेला चौथीचा वर्ग

ही गोष्ट २००३ सालची. शाळेतल्या पोरांना घरी न्यायला तांदूळ देणं बंद होऊन ओसरीतच खिचडी शिजू लागली होती, ते वर्ष. सौंदडपासून दोन कोसांवर आवळीटोला म्हणून गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या जूनमध्ये चौथीच्या पहिल्या ओळीत एक नवी मुलगी येऊन बसली. रचना रत्नपाल टेंभुर्णे. तिला जन्मापासून दिसत नव्हतं.

तिचं नाव पहिलीपासून पटावर होतं, पण ते पटापुरतंच. चौथीचा वर्ग गिरजाबाई बिसेन यांच्याकडे आला, तेव्हा त्या स्वतः बौद्धवाड्यात जाऊन तिला घेऊन आल्या. गिरजाबाईंची बावीस वर्षं नोकरी झाली होती. एखादी गोष्ट मनात आली की ती बरोबरच असणार, असा त्यांचा स्वभाव. बहुतेक वेळा ती बरोबर असायचीही.

रचनाचा बाप गोंदियाला राइस मिलमध्ये होता, रविवारी घरी यायचा. आई मजुरीला जायची. म्हणून आजी, कलाबाई, लुगड्याचा पदर नातीच्या हातात देऊन तिला शाळेत आणायची आणि सुटेपर्यंत ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहायची. पंधरा दिवसांनी फिरते शिक्षक यायचे, ब्रेलची, म्हणजे ठिपक्यांची, पाटी आणि टोचा देऊन रचनाला अक्षरं शिकवून जायचे. बाकीचं ती कानानं टिपायची. पाढे तर वर्गातल्या भुवनेश्वरच्या आधी म्हणायची, म्हणून तो तिच्यावर खार खाऊन असायचा.

अडचण होती ती मुख्याध्यापकांची. सेवकराम कापगते गुरुजी माणूस वाईट नव्हते. पण आधीच्या गावी मधल्या सुट्टीत एक पोरगा बोडीत बुडून गेला होता. बोडी म्हणजे गावचं लहान तळं. तीन वर्षं चौकशी चालली, आणि त्या पोराची आई दर सोमवारी येऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. आवळीटोल्यातही गाव आणि शाळा यांच्या मध्ये बोडी होती. येण्याजाण्याची वाट तिच्या पाळेवरून, म्हणजे काठच्या मातीच्या भरावावरूनच.

"मॅडम," गुरुजी म्हणाले, "म्हातारीले रोज खांबाले बसवून शाळा चालत नाही. उद्या ती आजारी पडली तं? दिवाळीपर्यंत पाहू. पोरगी आपल्या पायानं येत-जात असली तर राहू द्या. नाहीतर हा नागपूरच्या निवासी शाळेचा फॉर्म, रत्नपालची सही घेतो."

नागपूरची शाळा चांगलीच होती. पण रचनाला जायचं नव्हतं. तिनं तसं साफ सांगितलं होतं: मोठी झाल्यावर पाहीन, आता माझं गाव मला अर्धंच माहीत आहे.

सप्टेंबरात गिरजाबाई गोंदियाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या. तिथं सांगितलं होतं, डोळस मुलांचे डोळे बांधा, म्हणजे त्यांना अंधत्व कळेल. बाईंना हे फार पटलं. सोमवारी त्यांनी पोरांना घरून एकेक दुपट्टा आणायला लावला, सगळ्या वर्गाचे डोळे बांधले आणि म्हणाल्या, "आता हातपंपापर्यंत जाऊन या."

पिंकी दारातच अडकून रडायला लागली. भुवनेश्वर ऐटीत निघाला आणि त्यानं हातपंपाच्या दांड्यावर आपटून ओठ फोडून घेतला. आणखी दोघं एकमेकांच्या अंगावर पडले. मग बाईंनी दुपट्टे सोडले आणि विचारलं,

"कसं वाटलं?"

"लय भेव लागते, मॅडम."

"मॅडम, असं झालं तं मी मरूनच जाईन," भुवनेश्वर ओठ धरून म्हणाला.

रचना पहिल्या ओळीत बसून ऐकत होती. बाईंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. पोरांना कळलं, या समाधानात त्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग बदलला. रचना उठली की दोघं दोन बाजूंनी दंड धरायचे. तिची पिशवी, पाटी, ताटली, सगळं दुसरेच उचलायचे. पिंकी तर तिला खिचडीचे घास भरवू लागली. पाढ्यांत रचना पुढं गेली तरी भुवनेश्वर काही बोलेना. पोरांनी घरी सांगितलं, आणि आयाबाया शाळेत येऊ लागल्या. कोणी जुना फ्रॉक आणला, कोणी केळी. सगळ्यांचं म्हणणं एकच, "मॅडम, कायले हाल करता बिचारीचे? नागपूरले पाठवून द्या, तिथं तिच्यासारख्या राहतेत." भुवनेश्वरचे वडील नत्थूलाल शाळा समितीत होते, त्यांनी तर समितीतर्फे तसं लिहून द्यायचं ठरवलं. गुरुजींना हवं ते न मागता मिळालं.

मग एका बुधवारी रचना आलीच नाही. गुरुवारीही नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर गिरजाबाई तिच्या घरी गेल्या. अंगणात आजी आणि नात समोरासमोर बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. रचनाची बोटं खडे टिपून बाजूला टाकत होती.

"काऊन व रचना, शाळेत का नाही आली?"

कलाबाई म्हणाली, "म्हनते, मी काही बिमार नाही. दवाखान्यावानी वाटते म्हनते शाळा."

"मुलं तुझी काळजी करतात बाई," गिरजाबाई म्हणाल्या. "त्यांना कळावं म्हणूनच तर मी डोळे बांधले."

"तुमी त्याहिले आंधळं केलं, मॅडम," रचना सुपातून हात न काढता म्हणाली. "त्याहिले कोनाले येत नाही आंधळं राहाले. मले येते. ते भेले, अना आता त्याहिले वाटते मी बी भेऊनच बसली असन."

बावीस वर्षांत गिरजाबाईंना असं कोणी सुनावलं नव्हतं. तांदूळ निवडणारी ती बोटं त्यांनी नीट पाहिली. मग त्यांनी विचारलं, आणि खरोखर उत्तर हवं होतं म्हणून विचारलं, "मग काय करू?"

"डोळे नका बांधू. हात बांधा."

"हात कशाला?"

"मी विचारलं का डस्टर कोठी आहे, तं म्हनतेत, ते काय तिकडे. अना हात दाखवतेत. मले हात दिसते काय? नाहीतं मंग माझाच हात धरून ओढतेत. दोन्ही कामं हातानंच. तोंड कोनी वापरत नाही."

कलाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "माझं बी तसंच आहे, मॅडम. मी बी तिले म्हनते, ते पाह्य तिकडे."

सोमवारी तेच दुपट्टे पुन्हा आले. या वेळी पोरांचे हात पाठीमागं बांधले गेले. बाईंनी खडूची पेटी लपवली आणि म्हणाल्या, "रचनाला सांगा कुठं आहे."

"तिकडे," पिंकी म्हणाली आणि हनुवटी पुढं केली. दुसऱ्यानं ओठ काढून दाखवले. एक जण पाय उचलून दाखवायला गेला आणि तोल जाऊन बसला. भुवनेश्वर पुढं झाला. "ते पाह्य, त्या... त्याच्या खाली... मॅडम, तोंडात येऊनच नाही राहिलं."

"डोळे तं आहेत तुले," रचना म्हणाली. "सांग ना मंग."

वर्ग हसला. भुवनेश्वरचे कान लाल झाले. त्यानं डोळे बारीक केले, पेटी जणू पहिल्यांदाच पाहत होता. "अलमारी आहे. तिचा खालचा खण. तुझ्या गुडघ्याएवढा. पेटी अंदर आहे, डाव्या कोपऱ्यात, वर नकाशा ठेवला आहे गुंडाळून."

रचना उठली, भिंतीला बोटं लावत गेली आणि पेटी घेऊन आली.

दोन आठवडे हाच खेळ चालला. पोरं घरीही खेळू लागली. नत्थूलाल तक्रार घेऊन आले, "मॅडम, पोरगा मायले म्हनते हात नको दाखवू, नीट सांग. हे काय शिकवून राहिल्या?" त्यानंतर तिसऱ्या दिवशी भुवनेश्वरनं रचनाला चोट्टी म्हटलं, कारण तिनं त्याची पेन्सिल लपवली होती आणि कबूल होत नव्हती. दोघांची चांगली जुंपली. गिरजाबाई दोघांवर ओरडल्या आणि मनातून त्यांनी हुश्श केलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस आला. फिरत्या शिक्षकांनी रचनाला पांढरी काठी दिली होती, तिच्या उंचीला जरा मोठीच. गुरुजी म्हणाले, "चला. शाळेपासून घरापर्यंत. कोनी तिले हात लावायचा नाही. पोहोचली तं फॉर्म परत पाठवतो. नाही पोहोचली तं उद्या रत्नपाल येतो आहे, सही करते." कलाबाईला त्यांनी घरी थांबायला सांगितलं होतं. ती पाळेच्या पलीकडच्या टोकाला येऊन उभी राहिली होती.

रचना पुढं. तिच्यामागं पाच पावलांवर चौथीचा वर्ग. कोणी सांगितलं नव्हतं, तरी पोरांनी हात पाठीमागं दुपट्ट्यानं बांधून घेतले होते. विचारलं तर पिंकी म्हणाली, "नाहीतं धरल्याच जाते, मॅडम." सगळ्यात मागं सायकल हातात धरून गुरुजी, आणि शेजारी गिरजाबाई.

अर्धी पाळ नीट पार पडली. पुढं हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाची कापणी चालू होती, आणि गावातल्या मंगरूची भाऱ्यांनी भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, पाळेवरच अडकून उभी होती. चाक खचलं होतं. असं काही रोजच्या वाटेत नसायचं.

"थांब व," पोरं एकदम ओरडली. "उजवीकडे हो. नाही, डावीकडे. सरळ ये. अगं मागं हो."

रचना थांबली. काठी जमिनीवर टेकवून उभी राहिली. गुरुजींनी सायकल स्टँडला लावली.

"चूप बसा," रचना म्हणाली. "मी काय करू ते नका सांगू. काय आहे ते सांगा. एकच जन."

भुवनेश्वर बोलला. "मंगरूबुवाची बंडी आहे. तुझ्यापासून दहा पावलं. डाव्या अंगाले बोडी. बंडी अना बोडीच्या मंधात एक हात जागा आहे. उजव्या अंगाले पाळ उतरते, खाली आमची धानाची बांधी आहे, कापलेली."

"बैल?"

"सोडले आहेत. बंडीच्या मोहरं बसले."

"बांधीत पानी आहे काय?"

"नाही. धसकटं आहेत."

दुसरं कोणीही, स्वतः मंगरूही, बंडी आणि बोडीच्या मधल्या जागेतूनच गेलं असतं. रचनानं थोडा विचार केला आणि काठी उजवीकडे टेकत उतार उतरू लागली.

"खाली कायले जाऊन राहिली?" गुरुजींच्या तोंडून निघालं.

"वर एकच हात जागा आहे म्हनते, गुरुजी. तिथं पडली तं बोडीत जाईन. इथं पडली तं बांधीत."

आणि ती पडलीच. बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, पाय लागला आणि गुडघ्यावर आपटली. काठी हातातून सुटली. गुरुजी धावले. त्यांच्या पुढं पोरांची भिंत होती, हात मागं बांधलेली.

"पडली," रचना खालून म्हणाली. "उठून राहिली. काठी कोठी गेली?"

"तुझ्या मागं, दोन हात," भुवनेश्वर म्हणाला. तो जागचा हलला नाही. "धुऱ्यावर आडवी पडली आहे."

ती मागं वाकली, चाचपून काठी घेतली, धसकटातून बंडीला वळसा घातला आणि पलीकडून पाळेवर चढली. गुडघ्यातून रक्त येत होतं. कलाबाई मधेच भेटली, पण तिनंही हात पुढं केला नाही. लुगड्याच्या पदरात दोन्ही हात गुंडाळून ती नातीच्या बाजूनं घरापर्यंत चालली.

अंगणात सगळे थांबले.

"पडली तं खरी," गुरुजी म्हणाले.

"पडली, अना उठली बी," कलाबाई म्हणाली. "तुमी आपल्या पायानं म्हनलं होतं, गुरुजी. न पडता असं नाही म्हनलं."

गुरुजी बोडीकडे तोंड करून उभे होते. शेजारी उभ्या गिरजाबाईंनाच ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले, "त्या बुडालेल्या पोराले दिसत होतं, मॅडम. पानी समोर दिसत होतं त्याले." मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला, चार घड्या केल्या आणि बाईंच्या हातात दिला. "परत पाठवा. लिहा, मुलगी इथंच शिकते. खाली माझी सही घ्या."

दुसऱ्या दिवशी रत्नपाल गोंदियाहून आला तो सही करायच्या तयारीनं. त्याला घरी पोरगी गुडघ्याला हळद लावून बसलेली आणि भुवनेश्वरशी पाढ्यांवरून भांडताना दिसली.

त्यानंतर रचना आवळीटोल्यात सातवीपर्यंत शिकली, पुढं सौंदडच्या हायस्कुलात गेली. बारावीनंतर ती स्वतःहून नागपूरला गेली आणि पदवी घेऊन आली. २०१७ साली आमगावच्या एका बँकेत लागली. तिथंच खोली घेऊन राहते. कलाबाई २००९ च्या पावसाळ्यात गेली, नातीचा दहावीचा निकाल तिनं पाहिला नाही. रत्नपालनं खोकल्यापायी मिल सोडली आणि गावी येऊन शेळ्या पाळल्या. पिंकीचं लग्न डोंगरगडकडे झालं. तिला तीन मुली. नत्थूलाल पुढं सरपंच झाले आणि एकाच खेपेत कंटाळले. भुवनेश्वर शेती करतो, त्याचं थ्रेशर चार गावं फिरतं. गुरुजी २००८ ला निवृत्त होऊन आपल्या गावी गेले, आणि पोरगा बुडाला होता त्या गावातल्या बोडीच्या काठाला त्यांनी पुढं स्वतः उभं राहून दगड बसवून घेतले.

गिरजाबाईंना नंतर प्रशिक्षणात शिकवायला बोलावू लागले. गोंदिया, देवरी, तिरोडा, सगळीकडे त्या जायच्या आणि पहिल्या तासाला आपण पोरांचे डोळे बांधले होते, ते सांगायच्या. २०११ साली त्या निवृत्त झाल्या. आता मुलाकडे गोंदियाला असतात. आवळीटोल्याच्या शाळेचा पट अकरावर आला होता, तेव्हा ती बंद करू नका म्हणून जे पत्र गेलं, त्यावर गावकऱ्यांआधी रचनाची सही होती. शाळा अजून चालू आहे.