डुलणारं पिल्लू

चिमट्याच्या टोकाला लोंबणाऱ्या उंदराचं इवलंसं गुलाबी पाऊल बोदिलच्या मनगटाला लागलं. ओलं; फ्रीझरमधला तो मेलेला उंदीर तिने नुकताच गरम पाण्यात वितळवला होता... पेटीतलं अजगराचं पिल्लू झेपावलं आणि उंदरापासून वीतभर बाजूला, रिकाम्या हवेला चावलं. मग त्याची मान पिळत गेली, हनुवटी वर येईपर्यंत, आणि डोळे छताकडे लावून ते तसंच राहिलं, शिकार तिथे वर कुठेतरी असल्यासारखं.

आठवडाभर हेच चाललं होतं.

मागे काळ्या पावावर लिव्हर पेस्ट फासत प्रेबेन म्हणाला, "फ्रीझरमध्ये ठेव की. झोपेत जातात म्हणे."

"म्हणे? सापाला विचारलंस?"

नवऱ्याने पावाचा घास घेतला. तो दुष्ट नव्हता, त्याला फक्त प्रकरण लवकर मिटायला हवं होतं. बोदिलने पिल्लाला डब्यात घातलं, डबा कोटाच्या आत धरला आणि ती गाडीत जाऊन बसली.

समुद्रावरचा वारा गाडीला ढकलत होता. साप पाळणारे या पिळण्याला 'डुलणं' म्हणत, कुठेतरी गाणं वाजत असल्यासारखं. तीही तसंच म्हणे. सोनेरी अंगावरची ती कोळ्याच्या जाळ्यासारखी काळी नक्षी आणि हे डुलणं रक्तातूनच बरोबर येतं, एक हवं तर दुसरं घ्यावंच लागतं, हे तिला जोडी लावतानाच ठाऊक होतं. बहुतेक पिल्लं जराशीच डुलतात, खातात, जगतात... अंड्याला चीर पडली, ओलं नाकाड बाहेर आलं, तेव्हा ती बॅटरी घेऊन वाकली होती आणि—आधी काय पाहिलं तिने? नक्षी. मान नंतर.

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर व्हिबेके तिच्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान होती. पिल्लाला तिने उताणं केलं; त्याला सुलटं होता येईना. फ्रीझरचं कानावर येताच ती शांतपणे म्हणाली की गोठताना त्यांना दुखतं, फक्त हलता येत नाही म्हणून आपल्याला ते दिसत नाही. आधी पूर्ण गुंगी, मग हृदयात इंजेक्शन, आणि शेवटी मेंदूसुद्धा निकामी करायचा. कारण सापाचा मेंदू हृदय थांबल्यावरही बराच वेळ जागा राहू शकतो.

"थांबणार का तुम्ही?"

"थांबते."

यंत्रातून हृदयाचा आवाज आला, सूऽ सूऽ, कुणी पलीकडच्या खोलीत झाडत असावं तसा. गुंगी चढली आणि ती पिळलेली मान सैल पडून सरळ झाली. जन्मात पहिल्यांदा सरळ. बोदिलला वाटलं, थांबवावं, बघा, बरं झालंय... सुई आत गेली. झाडणं मंदावलं. मग बंद.

हात धुताना डॉक्टरने विचारलं, "याची आई आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"पुन्हा जोडी लावली नाहीत ना?"

बोदिल कोटाची बटणं लावत राहिली. गेल्याच आठवड्यात आईच्या पोटाखालून बोट फिरवताना अंड्यांच्या गाठी लागल्या होत्या, आणि प्रेबेनला हाक मारताना तिचा आवाज आनंदाने चिरकला होता.

घरी येऊन तिने मादीला बाहेर काढलं. जड, संथ, मान किंचित डुलणारी. अंडी पडली की लगेच फेकता येतील, काही वाढायच्या आत; किंवा... तिने ती नक्षी नीट निरखली. आता ती कुरूप दिसेल अशी तिची अपेक्षा होती, जवळजवळ प्रार्थनाच. पण सोन्यावरची काळी रेघ तशीच सुंदर होती, आणि यावेळी जाळं कसं उतरेल ही उत्सुकता तिच्या आत, लाज झुगारून, हळूहळू डोकं वर काढत होती.