शंभर उठाबशा

"छत्तीस झाल्या. सदतीस म्हणा की, सायेब."

सयाजी दोन्ही कान धरून अर्ध्या बसक्यात थांबला होता. टाळेबंदीतला एप्रिल, सकाळचे सात, आणि शिरोलीच्या फौंड्र्यांकडं जाणारा रस्ता धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा रिकामा. हवालदार भाऊसो नाक्यावरच्या बॅरिकेडला टेकून उभे होते.

"बास झालं. माफ केलं तुला. घरला जा."

"शंभर म्हटलासा की. पुऱ्या झाल्याबिगर सोडायचं न्हाय म्हटलासा."

म्हणाले होते खरं. चार दिवसांपूर्वी हा गडी सायकलवरून आला, हँडलला जेवणाचा डबा. कुठं निघालास, तर पहिल्या पाळीला. "फौंड्री बंद हाय, ठावं न्हाय व्हय?" तर म्हणाला, "आत्ताच भोंगा झाला की. तुमास्नी ऐकू न्हाय आला?" भाऊसोंना वाटलं, बेणं टर उडवतंय. महिनाभर उन्हात उभं राहून टाळकं तापलेलं. "काढ शंभर उठाबशा," ते म्हणाले, "आन् रोज यायचं आसंल तर रोज शंभर."

तो रोज येऊ लागला. सायकल झाडाला टेकवायची, कान धरून पुढ्यात उभं राहायचं. शंभर भरल्या की बंद फौंड्रीच्या फाटकाला हात लावून परत.

याचं चित्त ठिकाणावर नाही, हे भाऊसोंना दुसऱ्याच दिवशी उमगलं होतं. डोळे एकीकडं, हसू भलतीकडं. तरी त्यांनी मोजल्या. तिसऱ्या दिवशीही मोजल्या. ओस रस्त्यावर वेळ जाता जात नसे. आकड्यांना जात्यासारखी घरघरती लय लागली की तेवढीच सकाळ सरायची. होमगार्ड हसायचे. भाऊसोही हसले होते.

"आवो, सोडा की त्याला," शिपाई अनुजा पाण्याची बाटली घेऊन आली. "पाय बघा कसं लटपटाय लागल्यात."

"मी धरलाय व्हय? त्योच ऐकंना."

"मग मोजाय कोण लागलंय?"

 आकडा येईना म्हणून सयाजीही तसाच अधांतरी थांबला, उभा राहीना की बसेना. हनुवटीवरून घाम ठिबकत होता.

"सदतीस," भाऊसो पुटपुटले.

चाळीसला त्याच्या उजव्या गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि तो डांबरावर आडवा झाला. पडल्यावरही कान सोडले नव्हते.

त्याची आई अंबूबाई त्याला हुडकत अनवाणी तिथवर आली. तोंडावर पदर, पदराआड धाप. "त्येच्या गोळ्या संपून अठरा दिस झालं, बाबा. डोक्याच्या डाक्टरचा दवाखाना बंद हाय, समदी जागा कोरोनाला दिली म्हणं. नव्या चिठ्ठीबिगर दुकानदार गोळी दीना."

"सायेब शंभर म्हटल्यात, आये," सयाजी पडल्या पडल्या म्हणाला.

"आईक. कवा भोंगा आईकतंय, कवा सायेब." तिनं त्याच्या तोंडावरचा घाम पुसला. "काय बी ऐकू येतंय माझ्या लेकराला."

भाऊसोंनी खाली बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं.

ते बोलले नाहीत, धावपळ मात्र केली. सयाजीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. अनुजानं डॉक्टरांना गाठून चिठ्ठी मोबाइलवर मागवली आणि भाऊसोंनी सगळं कोल्हापूर पालथं घालून गोळ्या मिळवल्या. म्हातारीच्या हातात पाकीट देतानाचा फोटो पेपरात आला. वर ठळक अक्षरांत, 'खाकीतला देवमाणूस'. कुणीतरी ते कात्रण चौकीच्या भिंतीला डकवलं. भाऊसो भिंतीकडं पाठ करून बसू लागले.

तीन महिन्यांनी मायलेक चौकीत आले. सयाजीची दाढी केलेली, नजर निवळलेली.

"माफी मागाय आलोय, सायेब. तुमास्नी लई तरास दिला म्हणं मी."

"असू दे, असू दे. बरा हाईस न्हवं?"

"बरा हाय. फौंड्रीत परत घेतलंय. साचं भरायचं काम गेलं, बसून करायचं दिलंय." तो घुटमळला. "भोंगा ऐकू यायचा त्यो आजारानं, त्ये डाक्टरनी सांगितलंय. भोंग्याचं काय वाटत न्हाय. पर ह्ये उठाबशांचं भ्या वाटतंय. कोणतरी बोलतंय, शंभर काढ, आन् मी काढतोय. जेवता जेवता मधीच कान दिऊन बसतो बगा. त्यो आवाज परत आला तर?"

अनुजानं रजिस्टरमधून मान वर काढली आणि भाऊसोंकडं बघत राहिली.

भाऊसोंनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"त्यो आवाज माझा हुता," ते म्हणाले. "मीच काढाय लावल्या. रोज. तू आजारी हाईस ते कळल्यावरबी."

शिवी येईल म्हणून ते थांबले. आली असती तर बरं झालं असतं. सयाजीचे आखडलेले खांदे मात्र हळूहळू सैल झाले.

"खरा हुता व्हय?" तो आईकडं वळला. "आये, ऐकलंस न्हवं? खराच हुता म्हणं त्यो." आणि कितीतरी दिवसांनी हसावं तसा तो हसला.

अंबूबाई हसली नाही. "चल," म्हणाली.

चौकीला पाच पायऱ्या. सयाजीचा उजवा गुडघा आता मुडपत नाही. पायरी आली की त्याला आडवं वळून पाय खाली टाकावा लागतो. भाऊसो लगबगीनं पुढं झाले, हात दिला. अंबूबाई मधे आली आणि त्या हाताच्या जागी तिनं आपला खांदा दिला. लेकाच्या छातीलाही न पुरणारी बाई. भार आला तशी वाकली, मग सावरली.

दोघं शेवटच्या पायरीला पोचली तरी भाऊसोंचा हात तसाच पुढं होता.