हो बाजूला

फोटोवाल्यांना माणसांचा कंटाळा होता आणि पोट मात्र माणसांच्याच चेहऱ्यांवर भरत होतं. बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांचा स्टुडिओ. पुढे एक खोली, पाठीमागे पडदा, दोन दिवे आणि एक फिरतं स्टूल. आठवडाभर त्या स्टुलावर कोणी ना कोणी येऊन बसायचं. ओळखपत्राला फोटो हवा असलेले, लग्न जमवायला निघालेले, रडून लाल झालेली बाळं आणि त्यांना हसवता हसवता रडकुंडीला आलेले आईबाप. "हनुवटी जरा वर. खांदे सैल सोडा. अहो, सैल म्हटलं, पाडा नाही म्हटलं." हे म्हणून म्हणून फोटोवाल्यांची जीभ झिजली होती.

रविवारी स्टुडिओला कुलूप लागे आणि फोटोवाले रानोमाळ भटकत. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशी एकही बघण्यासारखी जागा त्यांनी सोडली नव्हती. कोणत्या टेकडीवरून नदीचं वळण पुरतं दिसतं, कोणत्या तळ्यावर थंडीत धुकं किती वेळ टिकतं, कोणता धबधबा दुपारी बघायचा आणि कोणता चुकूनही दुपारी बघायचा नाही, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाईक फोटोला यायचं आणि सहलीचा पत्ता घेऊन जायचं. वर फोटोवाले बजावायचे, "फोटो काढाल तर निसर्गाचा काढा. मध्ये स्वतःची थोबाडं घालू नका. निसर्गाच्या फोटोत माणूस म्हणजे दुधात माशी."

हा त्यांचा बाणा होता, आणि बाण्याला ते जागलेही. त्यांची तळी, टेकड्या, कुरणं कॅलेंडरवाल्यांनी छापली, घराच्या बैठकीत चारी भिंतींवर चढली, पण एकातही माणूस नव्हता.

आता गंमत बघा. या निर्मनुष्य फोटोंच्या सहलीला फोटोवाले कधीही एकटे गेले नाहीत. दर रविवारी त्यांची बायको बरोबर असे. चहाचा थर्मास, जेवणाचा डबा, छत्री आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी तिच्याकडे. ओझ्यापुरतीच नेत होते असं मात्र कोणी म्हणू नये. तिच्याशिवाय त्यांचा फोटो निघतच नसे. पहाटेच्या धुक्यात, नुसत्या पाण्यागवतात, कॅमेऱ्याचं भिंग नेमकं कुठे जुळवायचं ते डोळ्याला कळत नाही. म्हणून ते बायकोला पुढे पाठवत. "त्या दगडापाशी. अजून थोडं डावीकडे. थांब." तिच्या निळ्या स्वेटरची वीण भिंगातून स्वच्छ दिसू लागली, टाका न् टाका मोजता येईल इतकी, की ते म्हणत, "जुळलं. हो बाजूला." ती झपकन झुडपाआड नाहीतर खडकामागे जाई, आणि मग फोटोवाले खरा फोटो काढत.

फिल्मच्या दिवसांत तिच्यावर भिंग फक्त जुळवलं जाई. फिल्म महाग, ती बायकोवर कोण घालवणार? पुढे नवा कॅमेरा आला तेव्हा ते उजेड बघायला तिचा एक फोटो काढूनही बघत. पण चहा पिताना तिथल्या तिथे पुसून टाकत. "कचरा आधी काढावा," म्हणत. ती शेजारी बसून कपात चहा ओतत असे आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर स्वतःला एकामागून एक नाहीशी होताना बघत असे. एकदाच ती म्हणाली होती, "एखादा राहू द्या की."

"तुझा काय, घरी कधीही काढू," फोटोवाले म्हणाले होते.

ते 'कधीही' काही आलं नाही. घरी आले की त्यांना जेवण हवं असे आणि झोप हवी असे. चेहरे तर आठवडाभर होतेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग बायको विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, मग आपल्या घराचा जिना. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि फोटोवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "गेलेलं परत आणता येणार नाही. पण जुने फोटो दाखवत जा. त्या स्वतः आहेत असे, आनंदाच्या दिवसांचे. त्यांना आधार वाटेल."

फोटोवाल्यांना वाटलं, चला, निदान यात तरी आपण कमी पडणार नाही.

लेक येऊन लग्नाचा अल्बम घेऊन बसली. बायकोने त्यात आपल्या आईला ओळखलं, मावशीला ओळखलं, नवरीकडे बोट दाखवून ती "ही मी," असंही म्हणाली. शेजारच्या केसाळ नवरदेवाला मात्र तिने ओळखलं नाही. ते एक वेळ ठीक होतं. त्याला हल्ली फोटोवाले स्वतःही ओळखत नसत. मग त्यांनी तिला हाताला धरून बैठकीत आणलं आणि तळ्याच्या मोठ्या फोटोसमोर उभं केलं. हा त्यांचा सगळ्यांत लाडका फोटो. धुकं, पाणी आणि पुढे दवाने वाकलेलं गवत.

"छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही एकटेच गेला होतात?"

"एकटा कसला! तू होतीस ना बरोबर."

"कुठे?"

"ही बघ, इथे. या दगडापाशी उभी होतीस तू."

तिने वाकून, चष्मा सारखा करून बघितलं. "इथे तर गवत आहे," ती म्हणाली.

तेही खरंच होतं. ती उभी राहिली होती म्हणून तर ते गवत असं पातं न् पातं सुटं आलं होतं, पण हे तिला कसं पटवायचं? त्यांनी दुसरा फोटो दाखवला, तिसरा दाखवला. पालथ्या घड्यावर पाणी. आणि त्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. फोटोंकडे बघून तिने आपल्यापुरता हिशेब लावून टाकला. लेक आली की ती तिच्याजवळ हळू आवाजात तक्रार करू लागली.

"हे दर रविवारी मला घरात ठेवून जातात गं. पहाटे उठून डबा करून द्यायचा आणि दिवसभर दाराकडे बघत बसायचं. एकदाही 'मला न्या' म्हटलं नाही मी. पण विचारायचं तरी एकदा."

आणि तिचे डोळे भरून येत. फोटोवाले स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत. बाकी सगळं त्यांनी सोसलं असतं. ती त्यांना नेहमीच 'अहो' म्हणायची, त्यामुळे ती नवऱ्याला हाक मारतेय की घरात आलेल्या कुणा परक्याला, तेही त्यांना कळेनासं झालं होतं, आणि तेसुद्धा ते सोसत होते. पण आयुष्यातले सगळे चांगले दिवस जिच्याबरोबर काढले, तिने 'हे मला टाकून जात' असं मनात घेऊन दिवस कंठावेत, हे त्यांना सोसवेना. ती बरोबर होती एवढंच तिला पटायला हवं होतं. त्यासाठी एक फोटो पुरला असता.

तो एक फोटो शोधायला त्यांनी स्टुडिओ बंद ठेवला. निगेटिव्हचे डबे उपसले, जुनी मेमरी कार्डं घातली, कॉम्प्युटर चाळला. लेकही मदतीला बसली. तळी निघाली, कुरणं निघाली, एका फोटोत दूर चरणारी गाय निघाली. ती गाय तेवढी पुसायची राहून गेली होती.

"बाबा, एकही नाही?" लेकीने विचारलं.

फोटोवाल्यांनी आणखी एक डबा उपडा केला.

"अख्ख्या बाजारातल्या माणसांचे चेहरे आहेत इथे. त्या चष्मेवाल्याचे पाच आहेत. आणि आईचा एक नाही."

"मी पुसले गं," फोटोवाले म्हणाले. "माझ्याच हाताने पुसले. कचरा म्हणून." आणि त्या फिरत्या स्टुलावर बसून ते लहान मुलासारखे रडले. लेक बोलून गेली होती, पण आता तिलाच वाईट वाटलं.

फोटोवाल्यांनीच मग तोड काढली. तळं तिथेच होतं, दगड तिथेच होता. निळा स्वेटर कपाटात होता, कोपरावर विरलेला, पण होता. त्याच जागी, त्याच उजेडात बायकोला उभं करायचं, फोटो काढायचा, तेवढ्याच मोठ्या चौकटीत घालून त्या रिकाम्या फोटोच्या जागी लावायचा. मग ती कितीदा का विचारेना, बोट ठेवून दाखवता येईल.

"मी मोबाइलवर काढते ना पटकन," लेक म्हणाली.

"नको. हा मीच काढणार," फोटोवाले म्हणाले. लेकीने आईच्या बोलण्यातली 'जित्याची खोड' मनातल्या मनात म्हटली आणि रविवारी पहाटे गाडी काढली.

तळ्यावर धुकं होतं. काठाशी कोणी सहलवाल्यांनी बाकडं टाकलं होतं, तेवढाच काय तो फरक. बायको सगळीकडे नवलाने बघत होती. फोटोवाल्यांनी स्टँड उभा केला, कॅमेरा चढवला, भिंगाला डोळा लावला आणि जुन्या सवयीने म्हणाले, "त्या दगडापाशी. अजून थोडं डावीकडे. थांब."

ती गेली. दगडापाशी नेमकी थांबली, कॅमेऱ्याकडे तोंड करून, हात खाली सोडून. शिकवावं लागलं नाही. लेकीने तोंडावर हात ठेवला.

फोटोवाल्यांनी भिंग फिरवलं. स्वेटरची वीण दिसायला लागली. मग त्यांनी, पहिल्यांदाच, भिंग जरा वर केलं आणि तिच्या चेहऱ्यावर आणलं. एवढ्या वर्षांत त्यांनी या भिंगातून तिचा स्वेटर बघितला होता, चेहरा बघितलाच नव्हता. किती सुरकुत्या. केव्हा पडल्या या? ते बघत राहिले.

तेवढ्यात बायको झपकन झुडपाआड गेली.

"अगं, थांब! आज बाजूला नाही व्हायचं!"

लेकीने तिला परत आणून उभं केलं. फोटोवाले वाकले, डोळा लावला, गप्प झाले, आणि ती पुन्हा गेली. ते गप्प झाले म्हणजे जुळलं, एवढं तिला न सांगताही कळत होतं. मग लेक तिचा हात धरून शेजारी उभी राहिली. या खेपेस तिने लेकीलाही ओढत झुडपाआड नेलं. "चल गं, उजेड जाईल त्यांचा," ती चिडून म्हणाली. लेकीचं नाव तिला त्या आठवड्यात आठवलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातला नवरदेव आठवला नव्हता. एवढं एकच शाबूत राहिलं होतं, आणि ते फोटोवाल्यांनीच शिकवलेलं होतं.

स्टँड तसाच सोडून ते तिच्याकडे गेले. लेक काठाशी जाऊन पाठ करून उभी होती, डोळे पुसत होती. फोटोवाले झुडपाआड बायकोशेजारी उभे राहिले. इथे ते कधीच आले नव्हते. यायचं काय कारण?

त्यांनी समोर बघितलं. इथून तळं दिसतच नव्हतं. पाणी नाही, धुकं नाही, ज्यासाठी एवढ्या पहाटे उठून यायचे त्यातलं काहीच नाही. मध्ये झुडूप होतं, आणि झुडपाच्या फटीतून दिसत होता तो फक्त स्टँड आणि त्यावरचा कॅमेरा. म्हणजे एरवी त्यामागे वाकलेला माणूस. तळी, टेकड्या, धबधबे, जिथे जिथे ते गेले, तिथे तिने एवढंच बघितलं होतं. आणि ते भिंतीवरची तळी दाखवून तिला विचारत होते, आठवतंय का म्हणून.

"अगं, मी फार मोठी चूक केली," ते म्हणाले. "एखादा ठेवायला हवा होता. तू म्हणाली होतीस."

तिने त्यांच्याकडे बघितलं. एखाद्या अनोळखी सहलवाल्याकडे बघावं तसं, जरा संकोचून, पण आपुलकीने. मग त्यांची बाही धरून त्यांना हळूच आपल्याकडे ओढलं.

"अहो, जरा इकडे या. आमचे हे फोटो काढताहेत," ती म्हणाली. "त्यांना मध्ये माणसं चालत नाहीत."

फोटोवाले बाजूला झाले.