अकरा मिनिटं, बारा सेकंद

एकोणिसाव्यांदा तिने तोच प्रोग्रॅम चालवला आणि पडद्याकडे पाठ करून पाण्याची बाटली उघडली. आपण बघितलं नाही तर कदाचित बरोबर येईल, अशी तिची भाबडी समजूत. एवढी शिकलेली, आकड्यांवर घर चालवणारी बाई. पण सकाळपासून नवस बोलायचा तेवढा बाकी राहिला होता. ती वळली. पडद्यावर तेरा मिनिटं चाळीस सेकंद. पुन्हा तेच.

तिला हवी होती अकरा मिनिटं बारा सेकंद.

आकडा तिचाच होता. शहरातल्या रुग्णवाहिकांच्या नोंदी तपासणं हे तिचं काम. टेकडीवरचं केंद्र दोन महिने बंद ठेवून तिथल्या गाड्या खाली बाजारपेठेत उभ्या करून पाहिल्या होत्या. त्या दोन महिन्यांच्या नोंदींवरून तिने दाखवून दिलं होतं, की फोन केल्यापासून गाडी दारात येईपर्यंतचा सरासरी वेळ तेरा मिनिटांवरून अकरा मिनिटं बारा सेकंदांवर आला. साहेबांनी तो आकडा चार ठिकाणी मिरवला. आज तीन वाजता समितीची बैठक होती. टेकडीचं केंद्र कायमचं बंद करायचं की नाही ते तिथे ठरणार होतं, आणि समितीतल्या एका चिकित्सक बाईंनी काल विचारलं होतं, हा आकडा आमच्यासमोर पुन्हा काढून दाखवाल का?

"का नाही?" साहेब म्हणाले होते. साहेबांचं काय जातंय!

तिच्या संगणकात 'अंतिम' नावाची फाईल होती. 'अंतिम दोन' होती, 'अंतिम नक्की' होती, आणि 'हीच वापरा' नावाच्या तर दोन होत्या, वेगवेगळ्या तारखांच्या. प्रत्येक नाव देताना तिला खात्री होती, की हे आपल्या लक्षात राहील. त्याला तीन आठवडे झाले. त्या दिवसांत तिने किती प्रयोग केले, कशात सुट्टीचे दिवस वगळले, कशात पहाटेचे फोन वेगळे काढले, याचं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं. ओळी बदलायच्या, चालवायचं, आकडा बघायचा, पुन्हा त्याच ओळी बदलायच्या. तहान लागली की विहीर खणायची, ही तिची शाळेपासूनची सवय.

फोन वाजला. नवरा होता.

"जेवलीस?"

"हो," ती म्हणाली. डबा पिशवीतच होता.

"आई विचारतेय, पुढच्या वर्षाचं पत्र मिळालं का?"

"मिळेल रे. आजची बैठक होऊ दे."

"झाली की लगेच कळव. तिने देव पाण्यात घातलेत."

महिनाअखेरीस तिचा करार संपत होता. नवऱ्याचा छापखाना बंद पडून आठ महिने झाले होते. घरात कुणी तिला काही बोलत नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त ओझं होत होतं. सासूबाई हल्ली तिच्या ताटात आधी वाढायच्या.

साडेबाराला साहेब दारात येऊन उभे राहिले.

"मिळालं?"

"मिळेल, साहेब."

"मिळेल म्हणजे? तुम्हीच काढला होतात ना? की स्वप्नात आला होता?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, आकडा नाही आला, तर मला तुमचंच नाव सांगावं लागेल. माझा नाइलाज आहे."

ते गेले. तिची पाचावर धारण बसली. विसावी खेप, एकविसावी, बाविसावी. घाईत आकडे लिहितानाच चुका होऊ लागल्या. ती उठून स्वच्छतागृहात गेली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाच्या आडोशाला दोन मिनिटं रडून घेतलं. आरशात बघून नाक पुसलं. आता एकच माणूस उरला होता, आणि त्याच्याकडे जायचं म्हणजे आपली मान आपणच खाली घालायची.

तिच्या पाठीमागच्या टेबलावर बसणाऱ्या त्या वयस्क सहकाऱ्याला सगळं ऑफिस 'चित्रगुप्त' म्हणत असे. नाव तिनेच ठेवलेलं. संगणकावर काहीही करून पाहिलं, की हा माणूस रेघांच्या वहीत पाच रकाने भरायचा: तारीख, वेळ, काय बदललं, काय आलं, आणि कारण. "काका, आमचीही पापं लिहून ठेवा हो," असं ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती. सगळे हसले होते. तेही हसले होते; पण त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलायचे.

"काका, एक विचारू?"

"विचारा ना."

"माझे ते अकरा बारा... ते कसे आले होते... मला काही आठवत नाहीये, काका. काहीच आठवत नाहीये."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उपदेश केला नाही. खालच्या खणातून एक पातळ वही काढली आणि जरा अवघडून म्हणाले, "तुम्ही मोठ्याने बोलत काम करता. कानावर पडतंच. हाताला सवय, म्हणून लिहीत गेलो. रागावू नका."

तिने वही उघडली. तेच पाच रकाने, आणि सगळे प्रयोग तिचे. 'मंगळवार, साडेचार. सुट्ट्या वगळल्या. तेरा बावीस. पेन आपटलं.' खाली आणखी आठ ओळी. आणि मग, 'बुधवार, पावणेबारा. गाडी पोहोचल्याची वेळ नसलेल्या दोनशे चौदा ओळी गाळल्या. अकरा बारा. "आलं!" म्हणाल्या. सगळ्यांना चहा.'

ती धावतच टेबलाशी आली. त्या ओळी गाळल्या, प्रोग्रॅम चालवला. या खेपेला पाठ फिरवली नाही. अकरा मिनिटं, बारा सेकंद.

तिचा जीव भांड्यात पडला. टेबलाची कड धरून ती हसली, आणि हसताहसताच डोळे भरून आले. नवऱ्याला एका शब्दाचा निरोप धाडला, 'मिळालं'. दोन वाजायला दहा मिनिटं होती. डबा खाऊनही वेळ उरला असता. तिने वही परत करायला मिटली, आणि मिटताना शेवटचा रकाना दिसला. कारण. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ओळी रिकाम्या का, विचारलं. "नंतर बघू" म्हणाल्या.'

डब्याचं झाकण अर्धवट उघडं ठेवून तिने त्या दोनशे चौदा ओळी उघडल्या.

बहुतेक सगळ्या टेकडीच्या होत्या. गाडी पोहोचलीच नव्हती, म्हणून वेळ नव्हती. अशा ठिकाणी प्रोग्रॅम नोंद बंद केल्याची वेळ धरायचा. म्हणून तर सकाळपासून तेरा चाळीस येत होतं. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तो तिने आजवर कधी वाचलाच नव्हता, कारण शेऱ्यांची सरासरी निघत नाही. 'शेजाऱ्यांच्या गाडीने नेले.' 'फोन उचलत नाहीत.' 'वय बासष्ट, छातीत दुखते. सव्वीस मिनिटं. गरज उरली नाही.' 'वय सहा, श्वास अडकतो. एकतीस मिनिटं. गरज उरली नाही.'

फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप, 'आईने देव पाण्यातून काढले.'

तिने फोन पालथा ठेवला आणि वाचत राहिली. सगळ्या ओळी वाचल्या. मग खुर्ची मागे फिरवली.

"तुम्हाला हे माहीत होतं, काका?"

"नाही हो." ते खरंच दचकले होते. "मला एवढंच माहीत होतं, की तुम्ही बघितलं नव्हतं."

"तुमचं पेन द्या जरा."

त्या बुधवारच्या नोंदीत, कारणाच्या रकान्यात थोडी जागा शिल्लक होती. तिने तिथे तीन शब्द लिहिले, 'मी बघितलं नव्हतं', आणि खाली आजची तारीख टाकून सही केली. डबा तसाच मिटून पिशवीत ठेवला.

तीनला पाच कमी असताना साहेब आले, घड्याळाकडे बघतच.

"काय, अकरा ना?"

"अकरा येतात, साहेब," ती उठली आणि वही छातीशी धरून म्हणाली. "कसे येतात, तेही दाखवते."